काळी पडलेली ओव्हरी आत ठेवली, ते बरोबर केलं का?

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजच्या खो-खो संघात खेळते. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी दुपारी चारच्या सुमारास तिच्या पोटात उजवीकडे खाली एकदम कळ आली, दोन उलट्या झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. रात्री बरं वाटलं म्हणून ती झोपली. पहाटे तीनला पुन्हा कळ, या वेळी उभंही राहवेना. सकाळी सोनोग्राफीत उजवी ओव्हरी ९ सेंटीमीटरची आणि तिच्यात साडेसहा सेंटीमीटरची गाठ दिसली, ‘डर्मॉईड असावी’ असं लिहिलं. रिपोर्टमध्ये ‘डॉपलरवर रक्तप्रवाह दिसतो’ असंही होतं. तरी डॉक्टरबाई म्हणाल्या, ओव्हरीला पीळ बसलाय, आजच ऑपरेशन करू. दुपारी बाराला दुर्बिणीने केलं. नंतर फोटो दाखवला, ओव्हरी पिकल्या जांभळासारखी दिसत होती. अडीच वेढे होते म्हणाल्या. पीळ सोडवला, ओव्हरी ठेवली आणि गाठही ठेवली. सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली आहे. सीए-१२५ ची (कॅन्सरच्या संशयात करतात ती) रक्ततपासणी ६८ आली.

माझ्या नणंदेला वीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं, तिची ओव्हरी काढूनच टाकली. ती म्हणते, सडलेली वस्तू आत ठेवली, उद्या कॅन्सर होईल. मला काही सुचत नाही. रक्तप्रवाह होता तर इतकी घाई कशाला? रात्रभर थांबलो ही आमची चूक झाली का? गाठ ठेवायचीच होती तर ऑपरेशन कशासाठी? पुढे मूल होण्यात अडचण येईल का? आणि ती रोज विचारते, खो-खो कधी?

— एक आई, सांगली जिल्हा

ताई, तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून तुमच्या डॉक्टरबाईंनी केलं ते बरोबर केलं, आणि जे केलं नाही तेही विचार करूनच केलं नाही. नणंदबाई सांगतात ती त्या वेळची रीत होती. ती का होती आणि का बदलली, हे कळलं तर फोटोतला तो रंग तुम्हाला इतका छळणार नाही.

ओव्हरी पोटात दोन दोऱ्यांवर तोललेली असते. बाहेरची दोरी ओटीपोटाच्या भिंतीकडून येते. तिच्यातली धमनी थेट शरीराच्या मुख्य धमनीपासून निघालेली असते, आणि रक्त परत नेणारी शीरही त्याच दोरीतून जाते. आतली दोरी आखूड, गर्भपिशवीच्या कडेला बांधलेली. तिच्यातून पिशवीच्या धमनीची एक फांदी येते. म्हणजे ओव्हरीला दोन बाजूंनी रक्त मिळतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. एरवी बदामाएवढी, जेमतेम तीन सेंटीमीटरची ही ग्रंथी. तिच्यात पाच सेंटीमीटरच्या वर गाठ झाली की एका बाजूला वजन येतं आणि ती या दोऱ्यांवर फिरू शकते. डर्मॉईड तर यासाठी बदनामच आहे: आत चरबी, केस, कधी दात, बाहेरून गुळगुळीत, आणि आजूबाजूला कुठे चिकटलेली नसते. चिकटलेली गाठ फिरत नाही, मोकळी फिरते. उजवीकडे हे जास्त होतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचं शेवटचं वेटोळं जागा अडवून बसलेलं असतं.

पीळ बसला की आधी काय बंद होतं? बोटाला दोरा घट्ट गुंडाळून बघा. बोट पांढरं पडत नाही, आधी निळं-जांभळं होऊन फुगतं. शिरांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी, म्हणून त्या लगेच दबतात. धमनीची भिंत जाड, दाब जास्त, ती बराच वेळ रक्त आत ढकलत राहते. आत येणारं येत राहतं, बाहेर जाणारं अडतं. ओव्हरी सुजते, तिच्यात रक्त साकळतं आणि ती जांभळी, काळपट दिसू लागते. म्हणजे तो रंग मुख्यतः साकळलेल्या रक्ताचा असतो. आतला मांसल भाग किती जगला आणि किती मेला, हे त्या रंगावरून टेबलावर कुणालाही ओळखता येत नाही, कितीही अनुभवी सर्जन असला तरी. पूर्वी हा रंग बघूनच निकाल दिला जायचा, आणि त्यात असंख्य जिवंत ओव्हऱ्या काढल्या गेल्या.

त्या काळी आणखी एक भीती होती. पिळाच्या जागी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणार, पीळ सोडवला की ती सुटून फुप्फुसात जाईल. म्हणून पीळ न सोडवता, त्याच्या अलीकडे चिमटा लावून सगळं कापून काढायचं, असं शिकवलं जायचं. पुढे पीळ सोडवलेल्या आणि काढून टाकलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पीळ सोडवल्याने हा धोका वाढत नाही असं दिसलं. सोडवलेल्या ओव्हऱ्यांची नंतर सोनोग्राफी केली, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अभ्यासांमध्ये दहापैकी नऊ किंवा अधिक ओव्हऱ्यांमध्ये पुन्हा बीजकोश (एकेक बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्या) वाढताना दिसले, त्यातल्या कित्येक ऑपरेशनच्या वेळी काळ्या दिसत होत्या. कॅनडाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सने २०१९ मध्ये पीळ सोडवून ओव्हरी वाचवण्याच्या बाजूनेच मार्गदर्शन दिलं. अमेरिकेचं मार्गदर्शन तर खास किशोरवयीन मुलींसाठी आहे आणि स्पष्ट आहे: ओव्हरी कशीही दिसो, पीळ सोडवा आणि ती ठेवा. हात लावताच तिचे तुकडे पडू लागले, इतकी ती कुजली असेल, तरच काढण्याची वेळ येते. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ म्हणतात. इथे पीळ काढला की सुंभ बहुधा वाचतो.

आता घाईबद्दल. डॉपलरवर, म्हणजे सोनोग्राफीतल्या रक्तप्रवाहाच्या तपासणीत, प्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही, ही समजूत चुकीची आहे आणि दुर्दैवाने काही दवाखान्यांतूनही ऐकू येते. वर सांगितल्याप्रमाणे ओव्हरीला दोन बाजूंनी रक्त येतं, आणि धमनी उशिरापर्यंत चालू असते. शिवाय पीळ कधी अर्धवट असतो, कधी थोडा सैल होऊन पुन्हा आवळतो. रक्तप्रवाह अजिबात दिसला नाही तर पीळ असण्याची शक्यता फार मोठी. पण दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही. सोनोग्राफीत महत्त्वाचं असतं ते दुसरंच: एक ओव्हरी दुसरीपेक्षा खूप सुजलेली, बीजकोश कडेला ढकलले जाऊन माळेसारखे दिसणारे, ओव्हरी आपली जागा सोडून पिशवीच्या पुढे किंवा मधोमध आलेली, दोरीचा भोवऱ्यासारखा वेढा, पोटात थोडं पाणी. तुमच्या मुलीच्या बाबतीत एकदम आलेली एकतर्फी कळ, उलट्या, ९ सेंटीमीटरची ओव्हरी आणि आत गाठ, इतकं जमल्यावर डॉपलरच्या एका ओळीवर विसंबून थांबणं हा धोका होता. पिळाचं खात्रीचं निदान दुर्बीण आत घातल्यावरच होतं, त्यामुळे संशय पक्का असेल तर पोटात जाऊन बघणं हीच तपासणी असते. कधीकधी आत गेल्यावर पीळ सापडत नाही. ती किंमत मान्य करूनच हा निर्णय घेतात.

रात्रभर थांबलात, हे मनाला लावून घेऊ नका. पण त्यातून शिकण्यासारखं आहे ते मात्र नीट घ्या. मुलग्याच्या वृषणाला पीळ बसला तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो. ओव्हरीला असं ठरलेलं घड्याळ नाही. दोन बाजूंच्या रक्तपुरवठ्यामुळे ती जास्त वेळ तग धरते, आणि दोन-तीन दिवसांनी सोडवलेल्या ओव्हऱ्याही सावरल्याच्या नोंदी आहेत. मुलीला कळ आल्यापासून ऑपरेशनपर्यंत वीस तास गेले, त्यातली मधली काही तासांची विश्रांती म्हणजे बहुधा पीळ सैल झाल्याची होती. हाच या आजाराचा फसवा भाग. दुखणं थांबलं म्हणून पित्त होतं असं ठरतं, आणि पीळ पुन्हा आवळतो. अर्थात उशीर जितका जास्त, तितका ओव्हरीचा मरणारा भाग वाढतो, म्हणून ‘तग धरते’ याचा अर्थ ‘सकाळी बघू’ असा घ्यायचा नाही.

जाता जाता एक. अशा वेळी डॉक्टर लघवीची गर्भधारणेची तपासणी करतात. लग्न न झालेल्या मुलीची केली तर घरच्यांना राग येतो. ट्यूबमध्ये, म्हणजे गर्भनलिकेत, राहिलेला गर्भ नेमकी अशीच कळ देतो आणि जीव घेऊ शकतो, म्हणून वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी विचारपूस न करता होते. त्यात तिच्यावर संशय घेतलेला नसतो.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय झालं असेल ते सांगतो, कारण पुढची दिशा त्यावरून कळते. पूर्ण भूल, लघवीची नळी, बेंबीपाशी सुमारे एक सेंटीमीटरची चीर. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि काम करायला जागा होते. टेबल डोक्याकडून खाली करतात, त्यामुळे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. बेंबीतून कॅमेरा, खाली दोन किंवा तीन पाच मिलिमीटरच्या चिरांतून हत्यारं. (ऑपरेशननंतर खांदा दुखला असेल तर तो या गॅसचा परिणाम; दोन-तीन दिवसांत जातो.) आधी सगळं पोट बघून घ्यायचं: पीळ कोणत्या दिशेने, किती वेढे, ट्यूबही त्यात गुंतली आहे का, डावी ओव्हरी कशी आहे, अपेंडिक्स कसं आहे, पोटात किती आणि कोणत्या रंगाचं पाणी आहे.

खरी कसोटी यानंतर लागते. सुजलेली ओव्हरी पिकल्या उंबरासारखी असते, चिमट्यात धरली तर फाटते आणि रक्त येऊ लागतं. म्हणून तिला पकडत नाहीत. बोथट हत्यार खालून घालून तिला उचलतात आणि हलके हलके उलट दिशेने फिरवतात, एकेक वेढा मोजत. गाठ फार मोठी असेल तर ती ओटीपोटात फिरतच नाही, मग आधी आतलं द्रव काढून लहान करावी लागते. पण डर्मॉईडचा संशय असेल तर सर्जन सुई घालणं शक्यतो टाळतात. आतली चरबी पोटात सांडली की पोटाच्या अस्तराला रासायनिक दाह होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण झाला की आतडी एकमेकांना चिकटण्यापर्यंत जातो. सांडलंच तर कोमट सलाईनने, लिटरच्या लिटर, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं लागतं. पीळ सुटल्यावर काही मिनिटं थांबून रंग बघतात. काही ओव्हऱ्या दहा मिनिटांत गुलाबी होतात, काही तशाच काळ्या राहतात. पण रंग आला नाही म्हणून काढायची नाही, हे आपण वर पाहिलंच. काही सर्जन ओव्हरीच्या आवरणाला छोटी चीर देऊन आतला ताण कमी करतात. तसं केलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल.

मग गाठ का ठेवली? हा प्रश्न तुम्ही रास्त विचारला आहे आणि याचं एकच उत्तर नाही. काही सर्जन त्याच वेळी गाठ काढतात: दुसरी भूल वाचते, आणि गाठच गेली की पुन्हा पीळ बसण्याचं कारण जातं. गाठ आणि ओव्हरी यांच्यातली सीमा नीट दिसत असेल तर हा चांगला मार्ग आहे. पण ओव्हरी सुजून तिप्पट झाली, रक्ताने भरली, की ती सीमाच हरवते. गाठीचं साल ओव्हरीपासून सोलून काढायचं असतं, आणि सुजलेल्या मांसात ते सोलताना गाठीबरोबर बीजकोशांचा चांगला भागही निघून येतो. वर रक्त थांबेना, मग ते जाळून थांबवावं लागतं, आणि ती उष्णता उरलेली बीजं मारते. शेवटी वाचवायला गेलेली ओव्हरी काढूनच टाकावी लागते, असं होऊ शकतं. त्यापेक्षा सूज उतरू द्यायची, खरंच डर्मॉईड आहे की साध्या पाण्याची गाठ आहे ते बघायचं आणि मग शांतपणे काढायची. १९ वर्षांच्या मुलीत ९ सेंटीमीटरची जांभळी ओव्हरी असताना डॉक्टरबाईंनी हा दुसरा मार्ग निवडला, तो आम्हाला पटतो. ऑपरेशन पिळासाठी होतं; पीळ सोडवला, त्याचं काम झालं. गाठीचं काम राहिलं आहे, ते विसरायचं मात्र नाही.

कारण गाठ आहे तोवर पुन्हा पीळ बसू शकतो. म्हणून सहा आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. पाळी येऊन गेल्यावर, पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान करा. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात दर महिन्याला नैसर्गिकपणे बनणारी गाठ दिसून गोंधळ होतो. पोटावरून करायची असल्याने लघवी भरून जायला सांगा. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी लिहिल्या आहेत का बघा: दोन्ही ओव्हऱ्यांचा आकार तीन मापांत, उजव्या ओव्हरीत बीजकोश दिसतात का, आणि गाठीचं माप व आतलं स्वरूप. उजव्या ओव्हरीत बीजकोश दिसले की नणंदबाईंना तो रिपोर्ट दाखवा. मेलेल्या ओव्हरीत ते वाढत नाहीत. डावीकडेही नीट बघायला सांगा, कारण दहापैकी साधारण एका मुलीत डर्मॉईड दोन्ही बाजूंना असते. स्पष्ट दिसत नसेल तर एमआरआयवर डर्मॉईडमधली चरबी सहसा लपत नाही.

गाठ पाण्याची असून आपोआप गेली असेल तर ऑपरेशन नको. डर्मॉईड असेल तर ती गोळ्यांनी जात नाही, कितीही महिने घेतल्या तरी. पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या फक्त नव्या पाण्याच्या गाठी होऊ देत नाहीत. साडेसहा सेंटीमीटरची आणि एकदा पीळ बसलेली डर्मॉईड काढावीच लागेल, असा आमचा अंदाज आहे. तेव्हा डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा: फक्त गाठ काढणार, ओव्हरी ठेवणार, गाठ पोटातच एका छोट्या थैलीत घालून बाहेर काढणार, म्हणजे सांडणार नाही, रक्त थांबवायला जाळण्यापेक्षा शक्य तिथे टाके घालणार. हे त्यांना शिकवायचं म्हणून नाही, तर नंतर डिस्चार्ज कार्ड वाचताना तुम्हाला कळावं म्हणून. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो: मुलगी १९ वर्षांची आहे, संमतीपत्रावर सही तिचीच लागते. डॉक्टरांच्या खोलीत प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही शेजारी बसा.

‘ओव्हरी टाके घालून जागेवर बांधून टाका, म्हणजे फिरायची कटकटच नको’, असाही सल्ला कुणीतरी देईल. ओव्हरी ओटीपोटाच्या भिंतीला किंवा पिशवीच्या मागच्या बाजूला न विरघळणाऱ्या धाग्याने टाचतात, किंवा पिशवीकडची दोरी लांब असेल तर ती दुमडून आखूड करतात. पण ते सर्रास करायचं नाही. पुन्हा पुन्हा पीळ बसला, एकच ओव्हरी उरली असेल, किंवा गाठ नसताना चांगल्या ओव्हरीला पीळ बसला (लहान मुलींत दोरी लांब असल्याने असं होतं), तेव्हा त्याचा विचार करतात. तुमच्या मुलीला पिळाचं कारण गाठ आहे, कारण काढणं हाच उपाय.

ओव्हरी काढणंही काही वेळा बरोबर असतं, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचक हा लेख घेऊन कुणाशी तरी भांडायला जातील. पाळी गेलेल्या स्त्रीला पीळ बसला तर सहसा ट्यूबसकट ओव्हरी काढतात, कारण त्या वयात तिच्यापासून मिळणारं फारसं उरलेलं नसतं आणि गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता वाढलेली असते. गाठीचं रूप कुठल्याही वयात संशयास्पद असेल तर गणित बदलतं.

आता कॅन्सर. पीळ बसल्यामुळे किंवा तो सोडवून ओव्हरी ठेवल्यामुळे पुढे कॅन्सर होत नाही. ‘सडण्या’चं म्हणाल तर ओव्हरीचा मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, फार झालं तर ओव्हरी आक्रसून लहान राहते. आत संसर्ग होणं दुर्मीळ आहे आणि झाला तर तो पहिल्या काही दिवसांतच ताप, वाढतं दुखणं आणि फुगलेल्या पोटाने कळतो. तीन आठवडे ती बरी आहे, म्हणजे ती वेळ टळली. सीए-१२५ ६८ आला, नेहमीची मर्यादा ३५, म्हणून तुम्ही घाबरलात. हा आकडा पोटाच्या अस्तराला कशानेही त्रास झाला की वाढतो: पीळ, सूज, ऑपरेशन, अगदी पाळीसुद्धा. या वयात ही तपासणी पिळाच्या दिवशी करून फारसं काही हाती लागत नाही. तिच्या वयातल्या गाठींसाठी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या जास्त कामाच्या, आणि एलडीएचही पेशी मेल्या की वाढतं. हव्याच असतील तर गाठीच्या ऑपरेशनआधी, डॉक्टरांना विचारून करा. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे, तो रिपोर्ट जपून ठेवा. शेवटचा शब्द त्याचाच.

मूल होण्याची शक्यता: डावी ओव्हरी चांगली असेल तर ती एकटीही पुरते, उजवी सावरली, आणि बहुतेकदा सावरते, तर दोन. पाळी महिन्याच्या महिन्याला येत राहील. बीजांचा साठा मोजणारी एएमएचची तपासणी आत्ता करू नका. १९ व्या वर्षी त्या आकड्याने काहीच ठरत नाही, फक्त घरात नवी काळजी येते. लग्नाच्या बोलण्यात हे सांगायचं की नाही, हा तिचा निर्णय. मात्र पुढे दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना या पिळाबद्दल सांगायचं, कारण गरोदरपणातही, विशेषतः पहिल्या चार-पाच महिन्यांत, पीळ बसतो.

डिस्चार्ज कार्ड, आतले फोटो आणि रेकॉर्डिंग असेल तर तेही मागून घ्या आणि मोबाईलमध्ये ठेवा. पुन्हा कळ आली तर ज्या दवाखान्यात जाल तिथे ‘आधी उजव्या ओव्हरीला पीळ बसला होता, गाठ अजून आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी थांबायचं नाही, दुखणं कमी झालं तरी नाही. घरी काही खायला-प्यायला देऊ नका, म्हणजे भूल द्यायला तासन्‌तास थांबावं लागणार नाही. आणि सोनोग्राफी जिथे रात्री होते असा दवाखाना आत्ताच बघून ठेवा.

राहिला खो-खो. चिरांचे टाके भरायला दोन-तीन आठवडे पुरतात. चालणं, कॉलेज, एसटीचा प्रवास चालेल, तो सुरू असेलच. पण खो-खोत खाली बसून झटक्यात उठायचं, धावता धावता वळायचं, पोल धरून गरकन फिरायचं, झेप टाकायची. खेळण्यानेच पीळ बसतो असं सिद्ध झालेलं नाही. तो झोपेतही बसतो. तरी वजनदार गाठ आत असताना अशा हालचाली करू देणं आम्हाला योग्य वाटत नाही, हा पुराव्यापेक्षा सावधपणाचा सल्ला आहे. सहा आठवड्यांच्या सोनोग्राफीपर्यंत मैदानाबाहेर. गाठ गेलेली दिसली तर त्याच आठवड्यात हलका सराव. डर्मॉईड निघाली तर ती काढल्यावर साधारण चार आठवड्यांनी धावणं, आणि सहाव्या आठवड्यात, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर, पूर्ण डाव. स्पर्धेची तारीख जवळ असेल तर ती डॉक्टरबाईंना आत्ताच सांगा; गाठीच्या ऑपरेशनची तारीख त्या हिशेबाने ठरवता येईल.